सोसायटीच्या डीव्हीआरपासून न्यायालयापर्यंत : डिजिटल पुरावा टिकतो कसा?

मुंबईत एखाद्या इमारतीत घरफोडी झाली की आलेल्या पोलिसांची नजर आधी वर जाते. गेटच्या कमानीवर, जिन्याच्या कोपऱ्यात, समोरच्या मेडिकलच्या पाटीखाली कॅमेरा आहे का, हे ते बघतात. वॉचमनला, दूधवाल्याला, नाक्यावरच्या पानवाल्याला विचारणं आजही होतंच. पण फुटेज हाती आलं की तपासाला दिशा मिळते, आणि घरातल्या माणसांनाही वाटतं की चोर दिसला म्हणजे आता तो सुटत नाही.

इथेच मोठा गैरसमज आहे. फुटेजमध्ये चोर दिसणं आणि तो चोर त्या फुटेजच्या आधारे न्यायालयात दोषी ठरणं, या दोन गोष्टींत लांबचं अंतर आहे. पोलीस बदलत्या तंत्रज्ञानाबरोबर किती चालू शकतात, याची खरी परीक्षा या अंतरात होते. नवे कॅमेरे, नवी सॉफ्टवेअर, ड्रोन यांच्या बातम्या येतात. पण ती क्लिप कोणी, कधी, कशी काढली आणि ती तीच आहे हे कशावरून, या प्रश्नांना हवालदारापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांकडे उत्तर असावं लागतं. ते कसं द्यायचं, हे या लेखात सांगतो.

आधी थोडं मागे जाऊ. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा तपास पुढे सरकला तो वरळीत बेवारस सापडलेल्या एका मारुती व्हॅनमुळे. तिच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या मेमन कुटुंबापर्यंत पोहोचले. कागदावरची एक नोंद, दारावर गेलेलं पथक आणि खबऱ्यांचं जाळं एवढीच त्या काळातली साधनं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यापर्यंत चित्र बदललं होतं. हल्लेखोर आणि पाकिस्तानातले सूत्रधार यांचं इंटरनेटवरून चाललेलं संभाषण टिपलं गेलं होतं. सीएसटी स्थानकात बंदूक घेऊन फिरणाऱ्या कसाबचे फोटो वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी काढले होते, आणि तेच छायाचित्रकार पुढे साक्षीला उभे राहिले. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तिचा कायद्याशी थेट संबंध आहे. त्या हल्ल्यानंतर शहरभर पोलिसांचे कॅमेरे असावेत ही मागणी जोरात आली आणि २०१६ मध्ये साडेचार हजारांहून जास्त कॅमेऱ्यांचा प्रकल्प सुरू झाला. त्याखेरीज सोसायट्या, दुकानं, बँका, रेल्वे यांचे कॅमेरे किती, याची मोजदाद नाही. साध्या गुन्ह्यांत पोलिसांना बहुतेक वेळा उपयोगी पडतात ते हे खासगी कॅमेरेच, कारण गल्लीच्या आतलं तेच बघतात.

जालन्यातून निघालेला प्रश्न

फुटेज न्यायालयात चालतं की नाही, यावर देशभर आज ज्या निकालाचा आधार घेतला जातो तो महाराष्ट्रातलाच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर निवडून आले आणि पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडीला आव्हान दिलं. मुद्दा साधा होता: खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला का? निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण होतं, त्याच्या सीडी होत्या. पण त्या सीडींसोबत कायद्याला लागणारं प्रमाणपत्र नव्हतं. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नव्हतं.

हे प्रमाणपत्र म्हणजे जुन्या पुरावा कायद्यातलं कलम ६५ब. कोर्टाच्या आवारात आजही त्याला सगळे 'सिक्स्टी-फाइव्ह बी' म्हणतात. १८७२ चा तो कायदा कागदासाठी लिहिलेला होता. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला तेव्हा हे कलम त्या जुन्या कायद्यात घातलं गेलं. त्यामागचा विचार असा: संगणकातली मूळ नोंद न्यायाधीशांसमोर आणता येत नाही, तिची प्रत आणावी लागते. डिजिटल प्रतीत फेरफार करणं सोपं आणि डोळ्यांना तो दिसत नाही. म्हणून ज्याच्या ताब्यात ते यंत्र होतं त्याने लिहून द्यायचं की यंत्र नेहमीच्या कामात नीट चालत होतं आणि ही प्रत त्यातूनच काढली आहे.

असं प्रमाणपत्र नसेल तर काय, यावर सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. २०१४ मध्ये पी. व्ही. अन्वर प्रकरणात ते सक्तीचं ठरलं होतं, २०१८ मध्ये दुसऱ्या एका निकालाने त्यात सूट दिली. शेवटी जुलै २०२० मध्ये खोतकर प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने गोंधळ मिटवला. प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र हवंच. मात्र मूळ यंत्राचा मालक स्वतः साक्षीला येऊन 'हे माझं यंत्र, यातच ही मूळ नोंद आहे' असं सांगत असेल तर वेगळ्या कागदाची गरज नाही. कसाबचे फोटो काढणारे छायाचित्रकार स्वतः साक्षीला उभे राहिले, त्याचं मोल इथे कळतं. आणि प्रमाणपत्र देणारा अधिकारी टाळाटाळ करत असेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं. गोरंट्याल यांनी हातात होतं ते सगळं केलं होतं, म्हणून त्यांच्यापुरती ती अट सैल झाली.

या निकालाचा परिणाम पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला, आणि तो पोहोचेपर्यंत अनेक खटल्यांत चांगलं फुटेज असूनही ते बाजूला पडलं. मला यात सर्वांत वाईट वाटतं ते फिर्यादीसाठी. त्याने चोर डोळ्यांनी पाहिलेला असतो, मोबाइलमध्ये क्लिपही असते. आणि एका कागदापायी ती क्लिप न्यायालयाच्या दृष्टीने नसल्यासारखीच होते.

लाखेच्या जागी चौसष्ट अक्षरं

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि ६५ब ची जागा कलम ६३ ने घेतली. प्रमाणपत्राचा नमुनाही आता कायद्यालाच जोडलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत. 'अ' भाग यंत्र ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली होतं त्याने भरायचा. यंत्र कोणतं, मेक, मॉडेल, अनुक्रमांक काय, ते कोणाच्या मालकीचं, कोण चालवतं, हे त्यात येतं. यंत्रांच्या यादीत डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) नावानिशी छापलेला आहे, म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सोसायट्या आणि दुकानं होतीच. 'ब' भाग तज्ज्ञाने भरायचा. आणि दोन्ही भागांत एक रकाना आहे ज्याने पोलिसांच्या कामाची पद्धत बदलायला घेतली आहे: हॅश.

पूर्वी जप्त केलेला सुरा किंवा दागिना कापडात बांधून, गाठीवर लाख ओतून, ठाण्याचा शिक्का मारला जाई. न्यायालयात गाठोडं उघडताना सील शाबूत आहे का हे आधी पाहिलं जाई. फाइलच्या बाबतीत हॅश हे सीलचं काम करतो. फाइलमधल्या प्रत्येक बिटवर ठरलेलं गणित करून एक ठरावीक लांबीची अक्षरांची ओळ निघते. एसएचए-२५६ पद्धतीने काढली तर ती चौसष्ट अक्षरांची असते. फाइल दोन मिनिटांची असो की दोन तासांची, लांबी तीच. त्या फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ओळ पूर्ण वेगळी येते. फुटेज जप्त करताना ही ओळ पंचनाम्यात लिहिली आणि तीन वर्षांनी न्यायालयात त्याच फाइलवर तेच गणित करून तीच ओळ आली, तर मधल्या काळात फाइलला कोणी हात लावलेला नाही असं म्हणता येतं.

नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी५ असे पर्याय दिले आहेत. त्यांतले एमडी५ आणि एसएचए-१ आता जुने झाले. दोन वेगवेगळ्या फाइल्सना एकच ओळ यावी असं मुद्दाम घडवून आणता येतं, हे एमडी५ बाबत २००४ मध्ये आणि एसएचए-१ बाबत २०१७ मध्ये संशोधकांनी करून दाखवलं. निवडीचा हक्क असेल तर एसएचए-२५६ घ्यावा. ज्याला ही गोष्ट माहीत नाही तो तपास अधिकारी फॉर्ममधल्या पहिल्या चौकटीवर खूण करून मोकळा होतो, आणि बचाव पक्षाच्या वकिलाला प्रश्न विचारायला जागा मिळते.

हॅशची मर्यादाही नीट समजून घ्यायला हवी. जप्तीनंतर बदल झाला नाही एवढंच तो सांगतो. जप्तीच्या आधी ती फाइल खरी होती की कोणी बनवलेली, हे त्याला कळत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने कोणाचाही चेहरा आणि आवाज तयार करता येतो अशा दिवसांत हा फरक महत्त्वाचा आहे. बनावट क्लिपचा हॅशही शेवटपर्यंत जसाच्या तसा राहील. म्हणूनच क्लिप कोणाच्या फोनवरून आली यापेक्षा ती ज्या डीव्हीआरमध्ये नोंदली गेली तो डीव्हीआर, त्यातल्या आधीच्या-नंतरच्या नोंदी आणि तो सांभाळणारा माणूस यांना जास्त वजन आहे.

यावरून एक रोजचा प्रसंग. हवालदार येतात, फुटेज बघतात आणि म्हणतात, 'साहेबांना व्हॉट्सअ‍ॅप करा.' तपासाच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. संशयिताचा चेहरा शेजारच्या ठाण्यांच्या ग्रुपवर तासाभरात जायला हवा, त्याशिवाय तो सापडणार कसा. पण व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ पाठवताना तो आकुंचित करतं, त्यामुळे तयार होणारी फाइल मूळ फाइल नसते, तिचा हॅश वेगळा, तिच्यातली वेळेची माहितीही गेलेली. पुराव्यासाठी प्रत घ्यायची ती डीव्हीआरमधूनच, पंचांसमोर, पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर. गंभीर गुन्ह्यात तर डीव्हीआरच जप्त केला जातो. एक क्लिप शोधण्यासाठी, एक सिद्ध करण्यासाठी. दोन्ही कामं वेगळी आहेत हे ज्या ठाण्यात रुजलं, तिथे निम्मी लढाई जिंकली.

घड्याळ

फुटेजच्या कोपऱ्यात जी वेळ दिसते ती डीव्हीआरच्या आतल्या घड्याळाची असते. ते घड्याळ इंटरनेटला जोडलेलं नसेल तर हळूहळू पुढे-मागे सरकतं. वीज गेली आणि आतली बॅटरी संपलेली असेल तर तारीखच भलती येते. शहरात असे किती डीव्हीआर असतील, जे आज काही मिनिटं चुकीचे चालतायत! आरोपी म्हणतो, त्या वेळी मी दादरला फलाटावर होतो. फुटेज म्हणतं, तो सव्वानऊला परळच्या इमारतीत शिरला. डीव्हीआर पंधरा मिनिटं पुढे असेल तर आरोपीही खरा आणि फुटेजही खरं. म्हणून समज असलेला तपास अधिकारी फुटेज घेण्याआधी डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ दोन्ही पंचनाम्यात लिहितो, आणि शक्य असेल तर दोन्ही घड्याळं एकाच फ्रेममध्ये घेऊन फोटो काढतो. याला दोन मिनिटं लागतात.

डिजिटल नोंदीतली चूक किती महाग पडते याचं उदाहरण याच राज्यात घडलेलं आहे. २००७ मध्ये ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकल्याच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला पकडलं. आयपी पत्त्याची जी माहिती मिळाली होती ती चुकीची निघाली. मजकूर त्याने टाकलेलाच नव्हता. तोवर तो माणूस सुमारे ५० दिवस तुरुंगात होता.

आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवर जोडलेल्या यंत्राला त्या क्षणापुरता मिळालेला क्रमांक. 'त्या क्षणापुरता' हे शब्द इथे सर्वांत मोलाचे. मोबाइल इंटरनेटवर तर एकच पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहक वापरत असतात. त्यांतला नेमका कोण हे काढायला पत्त्यासोबत पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. परदेशी कंपन्या ही वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत देतात, आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. ही बेरीज विसरली, किंवा सकाळ-संध्याकाळ उलटी झाली, की पथक भलत्याच घराची बेल वाजवतं. त्या घरातल्या माणसाला वस्तीत, कामावर, नात्यात जे सोसावं लागतं ते नंतर कोणत्याही निर्दोषपणाच्या कागदाने भरून येत नाही.

पैशांच्या फसवणुकीत वेळ आणखी वेगळ्या अर्थाने महत्त्वाची. पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तर रक्कम ज्या खात्यात गेली त्या बँकेपर्यंत सूचना जाते आणि रक्कम तिथेच अडवता येते. फसवणारे ती भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे पुढे सरकवत असतात, त्यामुळे उशीर झाला की हाताला काही लागत नाही. आधी घरच्यांना विचारू, उद्या बँकेत जाऊ, असं करू नये. आणि व्हिडिओ कॉलवरून कोणालाही अटक करता येते अशी तरतूद आपल्या कायद्यात कुठेही नाही, हे घरातल्या आजी-आजोबांना पुन्हा पुन्हा सांगा.

लोकेशन आणि फोन

'लोकेशन काढलं' हा पोलिसांच्या बोलण्यातला नेहमीचा शब्द. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो सीडीआर, म्हणजे कोणत्या नंबरवरून कोणाला, कधी, किती वेळ फोन झाला आणि तेव्हा फोन कोणत्या टॉवरला जोडलेला होता याची नोंद. बोलणं त्यात नसतं. दूरसंचार विभागाच्या २०२१ च्या आदेशानुसार कंपन्यांना ही नोंद किमान दोन वर्षं जपून ठेवावी लागते.

टॉवरची नोंद नकाशावरचा ठिपका दाखवत नाही. टॉवरवरचे अँटेना सहसा तीन दिशांना असतात आणि प्रत्येकाच्या पट्ट्यात एक अख्खा विभाग येतो. दाट वस्तीत तो काही शे मीटरांचा असेल, पण त्यात हजारो माणसं राहतात. दादर स्टेशनजवळचा टॉवर पूर्वेच्या माणसालाही जोडतो आणि पश्चिमेच्याही. जवळच्या टॉवरवर गर्दी झाली की फोन पलीकडचा पकडतो. पाण्यावरून लहरी अडथळ्याशिवाय लांब जातात, त्यामुळे किनाऱ्यावरच्या उंच मजल्यावरचा फोन खाडीपलीकडच्या टॉवरला जोडला गेला तर त्यात नवल नाही. लोकलमधल्या माणसाचा फोन तर दर काही मिनिटांनी टॉवर बदलत जातो. तो त्या परिसरात असू शकतो, एवढंच सीडीआर सांगतो. त्या खोलीत होता हे इतर पुराव्यांनी दाखवावं लागतं. मला वाटतं, बातम्या लिहिणाऱ्यांनीही हा फरक पाळायला हवा. 'मोबाइल लोकेशनवरून गुन्हा सिद्ध' असे मथळे लोकांच्या मनात खटला आधीच संपवून टाकतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतं. वाटेत ते कोणाला वाचता येत नाही, म्हणून पोलिसांना आरोपीचा प्रत्यक्ष फोन लागतो. तो जप्त करण्याची रीत आता बारकाईची झाली आहे. चालू फोन हाती लागला तर तो उगाच बंद करायचा नाही. बंद होऊन पुन्हा सुरू झालेला फोन पासवर्ड पडेपर्यंत आतली बहुतेक माहिती कुलूपबंदच ठेवतो आणि ती काढणं फार कठीण होतं. तो नेटवर्कवरही ठेवायचा नाही, कारण दूर बसलेला साथीदार त्यातली माहिती पुसून टाकू शकतो. म्हणून फ्लाइट मोड, आणि लहरी आत-बाहेर जाऊ न देणारी खास पिशवी. नंतर प्रयोगशाळेत फोनमधल्या माहितीची हुबेहूब प्रतिमा घेतली जाते, तिचा हॅश काढला जातो आणि तपासणी त्या प्रतिमेवर होते. मूळ फोनमध्ये 'जरा बघतो' म्हणून चॅट उघडले की फोनमधल्या नोंदी बदलतात. कुतूहलाने फिरवलेलं एक बोट पुढे खटल्यात डोकं वर काढतं.

आरोपीला फोन उघडून द्यायला भाग पाडता येतं का? राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे कोणावरही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ठरवलं की बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने देणं म्हणजे साक्ष नव्हे, कारण त्यांतून माणूस मनातलं ज्ञान सांगत नाही. पासवर्ड मात्र डोक्यात असतो. तो सांगायला लावणं हे साक्षीच्या जवळ जातं, असं मला ठामपणे वाटतं. फोन बोटाच्या ठशानेच उघडणारा निघाला की प्रश्न आणखी अवघड होतो. साठ वर्षांपूर्वी ठसा ओळख पटवण्यासाठी घेतला जाई. आता तोच ठसा माणसाच्या सगळ्या खासगी आयुष्याचं दार उघडतो.

पंचनाम्याचं चित्रीकरण आणि ते करणारी माणसं

नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आवश्यक केलं आहे आणि ते शक्यतो मोबाइलवर करावं असंही म्हटलं आहे. चित्रीकरण विलंब न लावता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. त्यासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ई-साक्ष्य नावाचं अ‍ॅप केलं आहे. चित्रीकरण कुठे आणि कधी झालं याची नोंद त्यात होते आणि फाइल थेट सरकारी साठ्यात जाते. मुंबईच्या न्यायालयांत 'ठाण्यात बसून लिहिलेला पंचनामा' आणि 'नेहमीचे ठरलेले पंच' हे आरोप जुनेच आहेत. चित्रीकरणाने त्यांना आळा बसेल, आणि प्रामाणिक अधिकाऱ्यालाही संरक्षण मिळेल. मी या तरतुदीच्या पूर्ण बाजूने आहे.

पण ती राबवणारा कोण? दिवसभर नाकाबंदी किंवा बंदोबस्त करून, मध्ये एखादं प्रेत जे.जे.ला किंवा कूपरला शवविच्छेदनाला पोहोचवून, रात्री चाळीच्या अरुंद जिन्यात एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून उभा असलेला पोलीस शिपाई. नेटवर्क नाही, फोनची जागा भरलेली. प्रत्येक ठाण्यात एक-दोन तरुण असतात ज्यांना हे सगळं जमतं आणि मग पाच तपास अधिकाऱ्यांची कामं त्यांच्याच टेबलावर येतात. त्यातला एखादा बदलीवर गेला की ठाण्याचं ज्ञानही त्याच्याबरोबर जातं. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत नव्या उपनिरीक्षकांना हे शिकवलं जातं, केंद्राच्या 'सायट्रेन' या पोर्टलवर ऑनलाइन अभ्यासक्रमही आहेत. तरी वीस वर्षं नोकरी झालेल्या हवालदाराला रजा-सुट्टी सांभाळून शिकायला वेळ आणि शिकल्याबद्दल मान मिळाला, तरच हे ठाण्यात मुरेल. नवीन उपकरणाच्या खरेदीचा निर्णय एका बैठकीत होतो, शिकवण्याला वर्षं लागतात, म्हणून ते मागे पडतं.

सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं नव्या संहितेने बंधनकारक केलं आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे. म्हणजे कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेवरचा भार वाढतच जाणार. रक्त, विष, डीएनए यांच्या जोडीला आता फोन आणि हार्ड डिस्कचे ढीग आहेत. अहवालाला उशीर झाला की कच्चा कैदी आत बसून राहतो, आणि त्याच्यावर अन्याय झाला की नाही हे त्या अहवालातच असतं.

कॅमेरा पोलिसांकडेही बघतो, हे इथेच सांगायला हवं. डिसेंबर २०२० मध्ये परमवीरसिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीबाहेर, कॉरिडॉरमध्ये, प्रवेशद्वाराशी कॅमेरे लावायला सांगितले आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष ठेवायचा आदेश दिला. नागरिकाच्या सोसायटीकडून नेटक्या फुटेजची अपेक्षा करायची आणि ठाण्यातला कॅमेरा नेमका हवा तेव्हा बंद, असं होऊ नये. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणांबद्दलही हीच काळजी हवी. यंत्राने जुळवलेला चेहरा ही तपासाची सुरुवात असू शकते. त्यावरून थेट अटक झाली तर चुकीची किंमत कोण मोजणार, हे आधी ठरायला हवं.

आता सोसायटीच्या कमिटीसाठी थोडं कामाचं. बहुतेक डीव्हीआर डिस्क भरली की जुनं पुसून त्यावर नवं लिहितात, काही ठिकाणी पंधरा दिवसांत, काही ठिकाणी महिन्याने. इमारतीत काही घडलं तर पोलिसांची वाट न बघता त्या वेळेचं फुटेज लगेच वेगळं काढून ठेवा आणि डीव्हीआरला दुसऱ्या कोणालाही हात लावू देऊ नका. डीव्हीआरचा पासवर्ड फक्त कॅमेरे बसवणाऱ्या माणसाच्या डोक्यात नको, तो सेक्रेटरीकडे बंद पाकिटात हवा. घड्याळ महिन्यातून एकदा तपासा. पोलिसांनी फुटेज किंवा डीव्हीआर मागितला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खालची लेखी नोटीस मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि चांगला तपास अधिकारी ती न मागताच देतो. जप्तीच्या पंचनाम्यात अनुक्रमांक आणि हॅश लिहिला आहे ना, हे वाचूनच सही करा.

'अ' भागावर सही करताना घाबरू नका, पण न वाचताही करू नका. यंत्र प्रत्यक्षात कोणाच्या देखरेखीखाली होतं, तुमच्या की देखभाल करणाऱ्या एजन्सीच्या, ते खरं तेच लिहा. पुढे समन्स आलं तर तुम्हाला नेमकं हेच विचारलं जाईल. मुंबईत खटला उभा राहायला वर्षं लागतात, तोवर कमिटी बदललेली असते, सेक्रेटरी कदाचित विरारला किंवा बदलापूरला राहायला गेलेले असतात. म्हणून नोटीस, पंचनामा आणि प्रमाणपत्र यांच्या प्रती सोसायटीच्या दप्तरात वेगळ्या फाइलीत लावा, वर गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लिहा, आणि नवी कमिटी आली की बाकीच्या कागदांबरोबर ती फाइलही सही घेऊन तिच्या हवाली करा.